टॅरोची बावीस पानं इजिप्तहून आलेली नाहीत

टॅरो, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, शिकायला लागलं की एक मजकूर कुठून तरी येतोच. त्यात म्हटलेलं असतं की मेजर आर्काना या मुख्य गटातली २२ पानं म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनी थॉथ देवतेच्या ग्रंथातून चित्ररूपात जपलेलं ज्ञान. त्यांचा क्रम हजारो वर्षांत बदललेला नाही, तो हिब्रूच्या २२ अक्षरांवर बेतलेला आहे, 'द फूल' या पानावरचा मूर्ख त्या क्रमाने प्रवास करत पूर्णत्वाला पोहोचतो, आणि डेथच्या पानाचा मरणाशी काही संबंध नाही. मी ही पानं अनेक वर्षं वापरते आहे. माझा त्यांच्यावर जीव आहे, म्हणूनच हा मजकूर वाचून वाईट वाटतं. पानांची खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे.

आधी इजिप्त. हा दावा छापून आला १७८१ मध्ये. आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने एका घरी टॅरोचा डाव चाललेला पाहिला आणि त्याला त्या चित्रांत इजिप्त दिसलं. 'टॅरो' हा शब्दही त्याने इजिप्तचाच ठरवला: 'टार' म्हणजे वाट, 'रो' म्हणजे राजा. पण इजिप्तची चित्रलिपी फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने उलगडली ती १८२२ मध्ये. जेबलँला त्या लिपीतला एक शब्दही वाचता येत नव्हता.

त्याची पद्धत कळायला एकच पान पुरेसं आहे. एका पायाने उलटा टांगलेला हँग्ड मॅन त्याच्या मांडणीत बसेना. मग त्याने ठरवलं की पान छापणाऱ्यांनीच चूक केली. तो माणूस सरळ केला, एका पायावर उभा केला आणि त्याला 'विवेक' म्हटलं. इटलीत मात्र या पानाला 'त्रादितोरे' म्हणजे गद्दार असंही नाव होतं. तिथे फितुरांची चित्रं, उलटी टांगलेली, भर रस्त्यावरच्या भिंतींवर रंगवून त्यांची बदनामी करायची रीत होती. १४७८ मध्ये मेदिची घराण्याविरुद्ध झालेल्या कटानंतर फ्लॉरेन्समध्ये अशी चित्रं रंगवायचं काम खुद्द बोत्तिचेल्लीकडे आलं होतं. तेव्हाच्या माणसाला हे पान समजावून सांगायची गरजच नव्हती, त्याने ते भिंतीवर पाहिलेलं होतं.

पानांचा माग लागतो तो पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत. फ्लॉरेन्समधली एक नोंद १४४० ची आहे, फेराराच्या दरबारी हिशेबातली १४४२ ची. मिलानच्या राज्यकर्त्यांसाठी साधारण १४५० च्या सुमाराला रंगवलेल्या विस्कोंती-स्फोर्झा संचातली ७४ पानं आजही शिल्लक आहेत. त्यांत पोप आहे, सम्राट आहे, कर्णे फुंकणारे देवदूत आहेत. इजिप्तचा एकही देव नाही. चषक, नाणी, तलवारी आणि काठ्या या चार प्रकारांची पानं मात्र ममलूक राजवटीच्या जगातून युरोपात आली, आणि ममलूकांची राजधानी कैरो होती. एवढा धागा खरा आहे. पण तो मायनर आर्कानाचा, म्हणजे उरलेल्या साध्या पानांचा, आणि फॅरोंच्या काळाशी त्याचा संबंध नाही.

क्रम कधीच बदलला नाही, हे विधान मला सगळ्यात जास्त खटकतं. या पानांनी तेव्हा पत्त्यांचा खेळ खेळत आणि त्यांना 'त्रिओन्फी' म्हणत, म्हणजे विजय. इंग्रजीतला 'ट्रम्प' त्याच शब्दातून आला, आणि पत्ते खेळताना आपण त्याला हुकूम म्हणतो. ही पानं म्हणजे कायमचे हुकूम. त्यामुळे क्रमाचा अर्थ एवढाच होता की कोण कोणाला मारतं. सम्राटाला पोप मारणार, पोपला प्रेम मारणार, आणि मृत्यू या सगळ्यांना. त्याच्यावर सैतान, मग वीज, मग तारा, चंद्र, सूर्य असा वाढत जाणारा उजेड. विस्कोंती-स्फोर्झाच्या पानांवर आकडेच नाहीत, क्रम खेळणाऱ्यांना पाठ असायचा. आणि तो गावागणिक बदलायचा! ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये या क्रमांची तीन घराण्यांत विभागणी केली. मिलानकडे सर्वांत वरचं पान वर्ल्ड. बोलोन्यात वर्ल्डच्याही वर देवदूत, म्हणजे आजचं जजमेंट. फेराराकडे तर जस्टिस, म्हणजे न्यायाचं पान, थेट विसाव्या जागी, देवदूत आणि वर्ल्ड यांच्या मध्ये.

ही फेराराची मांडणी पहिल्यांदा समजली तेव्हा मी पानं काढून तशी लावून पाहिली. देवदूताने कर्णा फुंकला, मेलेले थडग्यांतून उठले, आणि लगेच पुढे जस्टिसचा तराजू. ते पान तिथे शेवटच्या निवाड्याचं होतं. आठव्या जागी ठेवलं की तेच पान माणसाच्या अंगच्या एका सद्‌गुणाचं होतं. चित्र तेच, पण जागा बदलली की अर्थ बदलला.

अक्षरांबद्दल फार लिहायला नको. पानं आधी आली, अक्षरं साडेतीन शतकांनी चिकटवली गेली, आणि चिकटवणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. फ्रेंच गूढवादी एलिफास लेवीने १८५० च्या दशकात पहिलं अक्षर मॅजिशियनला दिलं. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने ते द फूलला दिलं, म्हणजे जवळपास प्रत्येक पानाचं अक्षर सरकलं. त्यांनी अक्षरांना राशीही जोडल्या, आणि त्या हिशेबात सिंह रास तुळेच्या आधी यायला हवी होती, म्हणून सिंह असलेलं स्ट्रेंग्थ अकराव्या जागेवरून आठव्या जागी आलं आणि जस्टिस अकराव्या. १९०९ च्या रायडर संचात, ज्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली, तोच क्रम आहे. अक्षरांवर क्रम बेतला नव्हता, अक्षरांसाठी क्रम हलवला गेला. बावीस हा आकडाही अढळ नाही: फ्लॉरेन्सच्या मिनकियाते खेळात ९७ पानं असतात आणि हुकूमच ४० असतात.

द फूलच्या प्रवासाची कल्पना मी स्वतः शिकवताना वापरते, नवख्या माणसाला तिने पानं लक्षात राहतात. पण ती विसाव्या शतकातली आहे. जुन्या खेळात द फूलला क्रमांकच नव्हता. ते टाकलं की त्या हातापुरती माफी मिळायची, ते कोणाला मारत नसे आणि बहुधा त्यालाही कोणी मारत नसे. जो रांगेतच उभा नाही, त्याला आपण रांगेच्या तोंडाशी आणून ठेवलं.

राहिलं डेथ. 'हे मरणाचं पान नाही, नवी सुरुवात आहे' असं का म्हणतात ते मला कळतं. समोर बसलेल्याचा चेहरा उतरतो, त्याला धीर द्यावासा वाटतो. पण विस्कोंती-स्फोर्झामध्ये तो सांगाडा हातात धनुष्य घेऊन उभा आहे, आणि मार्से या जुन्या फ्रेंच धाटणीच्या संचांत त्या पानावर नुसता तेराचा आकडा छापतात, नाव लिहीत नाहीत. रायडरच्या पानात पांढऱ्या घोड्याच्या वाटेत राजा मरून पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एका तरुणीने मान फिरवली आहे. लहान मूल तेवढं वर बघतंय. मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. हे पान निघालं की मी ते समोरच्याच्या हातात देते आणि आधी राजा दाखवते, मग ते मूल, आणि त्याने स्वतः विचारलं तर सूर्य.