उजनीला कुंपण घालायचं म्हणे!

करमाळ्यापासून सोलापूरपर्यंत ग्रुपाग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'उजनी धरणावरचे पक्षी वाचवायचे तर गाळपेर (पाणी उतरल्यावर गाळावर केलेली शेती) बंद करा, जाळी उचला, म्हशी हाकला, काठाला कुंपण घाला. कायदाही तेच सांगतो.'

कायद्याचं आधी, ते लवकर आटपतं. २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. जिथं नियम लागू आहेत तिथंही मनाई आहे ती अतिक्रमण, कारखाने, कचरा, सांडपाणी अशा गोष्टींना. 'सुज्ञ वापर', म्हणजे निसर्ग राखून केलेला वापर, हे तर त्या नियमांचंच सूत्र.

म्हशींचं म्हणाल तर भरतपूर आठवा. तिथल्या केवलादेव पक्षी उद्यानात १९८२ साली चराई बंद केली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. आणि मिळालं काय? म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या तेच माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं, पाणपक्ष्यांना जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आधी बंदीच्या बाजूची. दीर्घ अभ्यासानंतर तिनंच चराई हवी असं सांगितलं. उजनी म्हणजे भरतपूर नव्हे, कबूल. पण हाकलून लावण्याआधी एवढं तरी वाचावं.

गाळपेरीबद्दलच्या तक्रारीत मात्र थोडं तथ्य आहे. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा नुसत्या ओलीवर येतो. रोहित (फ्लेमिंगो) त्याच वेळी खालच्या उथळ चिखलात चरतो, पट्टकदंब हंस काठच्या कोवळ्या पिकात उतरतो. त्या दोघांना हरभऱ्याची अडचण नाही. अडचण आहे ती पाण्याला खेटून लावलेल्या उसाची आणि त्यावर मारलेल्या खता-औषधांची, कारण पाणी चढलं की ते सगळं धरणातच जातं. मग गाळपेरीच्या भाडेपट्ट्यात पिकाची नि फवारणीची अट घाला. ज्यांची घरं-शेतं धरणात बुडाली त्यांच्या हातातली उरलीसुरली जमीन कशाला काढता?

जाळ्यांचंही तसंच. बारीक आसाचं वडाप जाळं मत्स्यबीज खरवडून नेतं, ते बंदच व्हायला हवं. ही मागणी इथल्या मच्छीमारांचीच आहे, बरं का! चिलापी, कटल्यावर ज्यांची चूल पेटते त्यांना कोण कुठं वडाप टाकतं हे आधी कळतं. त्यांनाच हाकललं तर रात्री पाण्यावर लक्ष कोण ठेवणार?

राहिलं कुंपण. मुळा-मुठा, भीमेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, जलपर्णी पसरते. ते काठावरून येत नाही, नदीतून येतं. त्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.