‘शुगर जितकी कमी तितकी बरी’: आत्याच्या वयाला हे लागू नाही

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘वय कितीही असो, एचबीए१सी साडेसहाच्या खालीच हवं. शुगर जितकी कमी तितकी बरी. फार उतरली तर चमचाभर साखर द्या. गोळ्या कमी करणाऱ्या डॉक्टरने हात टेकले समजा.’ रामबागेतल्या माझ्या आत्याने तो मला अभिमानाने वाचून दाखवला. तिचं वय ७९, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ६.१. मला धडकी भरली.

‘जितकी कमी तितकी बरी’ हे तपासून झालंय. ‘अ‍ॅकॉर्ड’ या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेले दहा हजारांवर मधुमेही होते. निम्म्यांचं एचबीए१सी ६ च्या खाली आणायचं, बाकीच्यांचं ७ ते ७.९ मध्ये ठेवायचं, असं ठरलं. कडक गटात २५७ माणसं गेली, दुसऱ्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. आणि त्या लोकांचं सरासरी वय होतं ६२.

‘वय कितीही असो’ हेही चूक. कडक नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंडं वाचतात, पण तो फायदा पदरात पडायला अनेक वर्षं जातात. पन्नाशीतल्याने असं नियंत्रण जरूर ठेवावं. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनसुद्धा धडधाकट ज्येष्ठांना साधारण ७ ते ७.५ च्या खाली आणि बरेच आजार किंवा विसराळूपणा असलेल्यांना ८ च्या खाली एवढंच सांगते. ८ म्हणजे सरासरी साखर १८३ च्या आसपास. तीनशे चालेल, असा याचा अर्थ नाही.

सगळ्यात घातक वाक्य चमचाभर साखरेचं. आत्या ग्लिमेपिराइड घेते. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन पाझरायला लावते. गेल्या संकष्टीला तिने सकाळची गोळी घेतली आणि चंद्रोदयाची वाट बघत बसली. संध्याकाळी घामाने भिजली, असंबद्ध बोलू लागली. घरच्यांना वाटलं, वय झालं. शेजारच्या मशीनवर आकडा आला ४८. साखर दिली, सावरली. दोन तासांनी पुन्हा उतरली, कारण गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो आणि उतारवयात मूत्रपिंडं मंदावली की आणखी लांबतो. हेच पहाटे, एकटी असताना झालं असतं तर? बाथरूममध्ये पडून खुबा मोडला असता. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तर थरथर, धडधड ही धोक्याची खूणही झाकली जाते. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखर घालू नका, श्वासनलिकेत जाते. सरळ दवाखाना गाठा.

राहिलं ‘हात टेकले’. माणूस पूर्वीपेक्षा कमी जेवतो, वजन उतरतं. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा डोस त्याला जास्तच होतो. तो कमी करायला डॉक्टरला जास्त विचार करावा लागतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर ६.१ असेल तर एवढी भीती नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिनवर असेल तर आहे. मात्र आपल्या मनाने काहीही बंद करू नका, इन्सुलिन तर मुळीच नाही.

शनिवारी मी आत्याला डॉक्टरांकडे नेतोय. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मूत्रपिंडांचं काम कळणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि महिन्यातले तिचे उपास कॅलेंडरवर खुणा करून पिशवीत ठेवलेत. संकष्टीचा प्रसंग तिने त्यांना अजून सांगितलेलाच नाही.