म्हणे, "गाडी एकदाही चिखलात घातलेली नाही"

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी गाडी) विकायला काढली की हे वाक्य ठरलेलं असतं. मी याच वाक्याला भुललो. दहा वर्षं जुनी गाडी, एकच मालक, रंग असा चकचकीत की त्यात तोंड बघून घ्यावं. पहिल्याच आठवड्यात भुसभुशीत मातीवर फोर लो (चारही चाकांना ओढ देणारा, हळू पण जोरदार गिअर) टाकायला गेलो तर लिव्हर जागचा हलेना. दोन्ही हातांनी ओढला. छे! दहा वर्षांत कुणी त्याला हातच लावला नव्हता, त्यामुळे खालचं लिंकेज, म्हणजे लिव्हरच्या दांड्या-सांधे, गंजून जाम. पुढच्या अ‍ॅक्सलला ओढ जोडणारा अ‍ॅक्च्युएटरही मेलेला. थोडक्यात, मी फोर बाय फोरचे पैसे मोजून नुसती मागची चाकं ओढणारी एक जड गाडी घरी आणली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बेताने चिखलात गेलेली आणि नंतर नीट धुतलेली गाडी परवडली, शोभेची नको. (धुतलेली म्हणजे खालून. बॉनेट काय, सगळेच पुसतात.)

पाणी ओलांडलेल्या गाडीची मात्र एक गोष्ट बघाच. चालून चालून डिफ्रन्शिअल (अ‍ॅक्सलवरचा, चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा) तापलेलं असतं. ते थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते. त्या डब्यावरचा ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा सीलमधून बाहेरचं पाणी आत ओढते. बाहेरून काही कळत नाही. मी आता फिलर प्लग उघडतो, बोट आत घालतो आणि उजेडात धरतो. ऑइल पारदर्शक असलं तर ठीक. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. वेळेत सापडलं तर खर्च फक्त ऑइलचा, सीलचा आणि ब्रीदर साफ करण्याचा. तसंच पळवत राहिलात तर बेअरिंगना गंज धरतो, मग एका ठरावीक वेगाला 'हूंऽऽ' सुरू होतं आणि गोष्ट क्राऊन-पिनियनवर, म्हणजे आतल्या मुख्य दातेरी चाकांवर, जाते. तिथे शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दात्यांमधली फट) जुळवणारा हात लागतो. तसे हात कमी, म्हणून मजुरीही तशीच.

खर्चाचं गणितच विचित्र आहे. पार्ट स्वस्त, तिथवर पोचणं महाग. क्लच प्लेट घ्या. ती बदलायला प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारा डबा), गिअरबॉक्स, सगळा संसार खाली उतरवावा लागतो. एवढं उतरवलंच आहे तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच फेरीत उरकावं. "सील अजून चालेल" म्हणून मी ते ठेवलं होतं. आठ महिन्यांनी गळायला लागलं, आणि त्या चिमुकल्या सीलसाठी पूर्ण मजुरी पुन्हा भरली. स्वतःलाच शिव्या घातल्या.

पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवरचे रबरी बूटही (टोप्या) तसेच. बूट फाटला की ग्रीस उडतं, माती आत जाते आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कट-कट-कट ऐकू येतं. आवाज यायला लागला म्हणजे बूट बदलायची वेळ टळली, आता जॉइंटच घ्या.

एक उदाहरण तर ऐकून अंगावर काटा येतो. निसानच्या २००५ ते २०१० च्या एक्सटेरा, पाथफाइंडर आणि फ्रंटियरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आत फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. रेडिएटर वेळेवर बदलला तर त्याच्यावर निभावतं, नाहीतर गिअरबॉक्सचं बिल.

मोठे टायर आणि लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) बघून हरखणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. २९ इंचाच्या जागी ३१ इंची टायर घातले तर मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळत असते. ओढ तेवढीच कमी होते, आणि व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, ब्रेक सगळ्यांवर जादा भार. सॉलिड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेल्या) गाडीत एखाद्या खड्ड्यावर पुढचं टोक थडथड उडायला लागलं की लोक आधी स्टिअरिंग डँपर (थरथर शोषणारा भाग) बदलतात. मीही बदलला. थरथर महिनाभर लपली. खरा चोर होता ट्रॅक बारचा (अ‍ॅक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्याचा) बुश, डँपरच्या मानाने किरकोळ किमतीचा.

गंजाबद्दल थोडक्यात: पत्र्यावरचा गंज खपवून घ्या, चासीतला (खालच्या सांगाड्यातला) नाही. खाली आडवे व्हा, हातोडीने हलकं ठोका. टणटण आवाज यायला हवा. बद्द आला आणि पापुद्रे पडले तर कपडे झटका आणि निघा.

माझा लिव्हर आता लोण्यासारखा पडतो. महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर फोर हाय, फोर लो फिरवतो. कोरड्या डांबरावर नाही. पार्ट-टाइम सिस्टिममध्ये (चारही चाकं गरजेपुरती जोडायची) पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात, पण वळणावर ती वेगळं अंतर कापतात, तो ताण सुटायला जमीन सैल लागते.

आणि गाडी बघायला गेलो की मालकाला पहिला प्रश्न टाकतो, "डिफ्रन्शिअलचं ऑइल शेवटचं कधी बदललं?" परवा एकाने अगदी निरागसपणे विचारलं, "त्यातपण ऑइल असतं?"