बार मित्झ्वा राहून गेला, असं म्हणू नका

कोरोनाच्या टाळेबंदीत, 2020 साली तेरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांबद्दल आमच्या बेने इस्राएली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू घरांत अजून हळहळ ऐकू येते. "बिचाऱ्याचा बार मित्झ्वा राहूनच गेला, आता एकदा हॉल घेऊन करून टाकू." मला हे अजिबात पटत नाही. बार मित्झ्वा म्हणजे नुसता समारंभ नव्हे; तेरा वर्षं पूर्ण झाली की ज्यू मुलगा धर्माच्या आज्ञांना बांधला जातो, मग दोनशे पाहुणे जेवोत की न जेवोत.

माझा भाचा इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनागृहात) तोरा हा धर्मग्रंथ सुरात वाचायचा म्हणून पोराने महिनोन्महिने सूर घोटले होते. प्रत्येक आठवड्याचा पाठ ठरलेला. समारंभ पुढे ढकलला की पाठच बदलतो, केलेली मेहनत पाण्यात. घरातले मोठे म्हणत होते, थांबा. माझ्या भावाने ऐकलं नाही, फार बरं केलं. शब्बाथला व्हिडिओ कॉल चालत नाही, पण तोरा सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात. म्हणून मे महिन्यातला गुरुवार धरला. बिल्डिंगच्या अंगणात मिनयानपुरते, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला किमान दहा लागतात म्हणून, दहा-बारा पुरुष, मास्क लावून लांब लांब उभे. तिकडे सकाळचे आठ, इकडे ठाण्यात साडेदहा, आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर.

गुरुवारी पाठाचा सुरुवातीचा भागच वाचतात, याचं त्याला वाईट वाटलं होतं. पण तेफिल्लीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडावर आणि कपाळावर बांधायच्या चामड्याच्या पेट्या, शब्बाथला बांधत नाहीत. त्या दिवशी डाव्या दंडापासून बोटांपर्यंत काळा पट्टा तो स्वतः गुंडाळत होता आणि आम्ही सगळे अगदी जवळून बघत होतो. सिनेगॉगमध्ये बायकांच्या गॅलरीतून मला हे कधी दिसलं नसतं. पाठ होता 'बेहार', सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याचा. सगळं जग बंद असताना तो ऐकला आणि अंगावर काटा आला. वाचन संपताच वरच्या बाल्कन्यांतून शेजाऱ्यांनी चॉकलेटं उधळली!

आपल्याकडे तर तेवढंही शक्य नव्हतं. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबर 2020 ला, पाडव्याला. एरवीही इथे दहा पुरुष जमवताना नाकी नऊ येतात. घरच्या घरी बापासमोर पाठ म्हणून दाखवलेल्या इथल्या मुलांचं मला जास्त कौतुक आहे. त्यांचाही बार मित्झ्वा झालाच.

राहिलं ते वेगळं. आजीने डोक्यावर हात ठेवणं राहिलं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन मालिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाच्या ताटाभोवती सगळ्यांनी बसणं राहिलं. ते जरूर करा. पोहे मी भिजवते, नारळ मी खवते. फक्त निमंत्रणावर 'बार मित्झ्वा' लिहू नका, तो कधीच झालाय.