बेडूक न कापता

आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सध्या एकच वाद रंगला आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राण्यांचे विच्छेदन बंद केल्यापासून प्राणिशास्त्राची रया गेली आणि शाळांतून शिरलेले ‘खेळातून शिक्षण’ म्हणजे निव्वळ पोरखेळ. हिरिरीने बोलणारे बहुतेक जण आता बँकांत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहेत, हे सोडून देऊ.

मी राहतो त्या नेदरलँड्सच्या दक्षिण लिम्बुर्गमध्ये, बुंडरबोसच्या जंगलातल्या काळ्या-पिवळ्या अग्निसॅलमँडरांपैकी (हे पालीसारखे दिसणारे, पण बेडकांसारखे उभयचर) 2010 नंतरच्या काही वर्षांत शंभरातले चारही उरले नाहीत. कातडी कुरतडणारी एक नवी बुरशी हे त्याचे कारण 2013 मध्ये उजेडात आले. उभयचर कातडीवाटे पाणी घेतात, श्वासही घेतात. ती गेली की सारेच आटोपले. आम्ही मात्र कॉलेजात मेणाच्या ट्रेमध्ये बेडकाची सर्वांत आधी कातडीच चिरून टाचण्यांनी बाजूला सारत होतो आणि परीक्षक हृदयाचे कप्पे विचारत होते. विच्छेदनाने प्राणी कळतो म्हणणाऱ्यांनी हे जरा आठवावे.

इथल्या निसर्गकेंद्रात माझ्या मुलीच्या वर्गाने एक खेळ खेळला. एकाच्या तळव्यांना रंगीत खडूची भुकटी लावली, तो बुरशी झाला आणि बाकीचे सॅलमँडर डबक्याडबक्यांतून पळत सुटले. दुसऱ्या फेरीत डबके बदलताना हात धुण्याची अट आली. शेवटी कोणाच्या बाहीवर किती रंग उरला, ते मुलांनी स्वतःच मोजले. मग रबरी बेडकाच्या पोटावरून, मांड्यांवरून आणि मागच्या पायांच्या पडद्यांवरून कापसाची काडी हळुवार फिरवून बुरशी तपासायला नमुना कसा घ्यायचा, हे त्यांनी पाहिले. मार्चमधल्या पावसाळी संध्याकाळी हीच मुले बादल्या घेऊन भेकांना, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांना, रस्ता ओलांडून देतात आणि घरी निघण्यापूर्वी कोणी न सांगता बूट घासतात.

‘आपल्याकडे हे जमणार नाही’ हे गटातले ठरलेले उत्तर. का जमणार नाही? याच बुरशीच्या भावंडाचे आशियाई वाण उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर आढळल्याचा अभ्यास 2013 मध्येच प्रसिद्ध झाला आहे, आणि खडूची टंचाई आपल्या शाळांत कधीच नव्हती. इथल्या वर्गात निम्मी मुले असतात आणि शिक्षकाला जनगणनेला जुंपत नाहीत, हे खरे. ते मी गटात लिहिले नाही.

‘तिकडे बसून शहाणपणा शिकवू नकोस,’ असे एकाने सुनावले. ते मला अपेक्षेपेक्षा जास्त झोंबले. इथे बादली धरून उभा असलो की शेजारी कौतुकाने विचारतात, तुमच्याकडेही बेडूक असतात का. तेव्हा मी आंबोलीच्या सड्यावरच्या (कातळपठारावरच्या), 2009 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या आणि जगात जवळपास तिथेच सापडणाऱ्या भेकाबद्दल अभिमानाने बोलत सुटतो. माझ्या मुलीला लिम्बुर्गमधला प्रत्येक उभयचर ओळखता येतो. आंबोली तिच्या सावंतवाडीच्या आजोळापासून तासाभरावर आहे, पण आम्ही जातो डिसेंबरात, कारण पावसाळ्यात इथल्या शाळेला सुट्टी असली तरी तिकिटे परवडत नाहीत.