घारापुरी ‘अस्सल’ करायची म्हणून गाव उठवायचं?

घारापुरीबद्दलचा एक मजकूर मला आतापर्यंत चार ग्रुपवर आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बेट मुळात निर्जन होतं, पर्यटकांच्या पैशासाठी लोक येऊन वसले. त्यांनी लेण्यांची नासधूस केली. वीज आल्यावर उरलासुरला अस्सलपणाही गेला. पायऱ्यांवरच्या दुकानांत सगळा माल नकली. तेव्हा गावं उठवा, तिकीट महाग करा, फक्त लेणी ठेवा. खाली अंगठ्यांची रांग. मी उरणचा. माझी आत्या मोराबंदरला दिलेली आहे. हे वाचून मला गप्प बसवेना.

‘बेट निर्जन होतं.’ बेटावर तीन गावं आहेत: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. नावातच बंदर आहे, कारण इथे गलबतं लागत होती. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, ते शिवाच्या लेण्याहूनही जुने. मोठं लेणं साधारण सहाव्या शतकातलं, आणि कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी याच बेटावर सापडली आहेत. १५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेलं. किनाऱ्याजवळचा दगडी हत्ती पाहून त्यांनी ‘एलिफंटा’ म्हटलं. घारापुरी हे नाव इथल्या माणसांच्या तोंडी राहिलं म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. आजच्या घरांची वंशावळ थेट लेणी कोरणाऱ्यांपर्यंत जाते, असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण भातशेती, मासेमारी आणि होड्यांची डागडुजी हे इथले धंदे पर्यटकांची पहिली लाँच लागण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

‘गावकऱ्यांनी नासधूस केली.’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून नीट सांगतो. मूर्तींचे हातपाय तुटले त्याचा दोष परंपरेने पोर्तुगीज सैनिकांच्या गोळीबारावर जातो. त्यातलं किती गोळीबाराने आणि किती झिरपणाऱ्या पाण्याने झालं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दोन गोष्टी स्पष्ट आहेत. लेण्यात एक शिलालेख होता. तो पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, असं दिओगो दो कोटो या त्यांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलंय. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. तो असता तर लेणं कुणी खोदलं यावर आज वाद घालावा लागला नसता. दुसरा तो दगडी हत्ती. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तेव्हा त्याचे तुकडे झाले. पुढे तुकडे जोडून तो उभा केला. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुलांना घेऊन जा, सांधे दाखवा. यात घारापुरीच्या कुठल्या माणसाचा हात होता, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

‘वीज आली आणि अस्सलपणा गेला.’ मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना या गावांना फेब्रुवारी २०१८ पर्यंत रात्री जेमतेम तीन तास जनरेटरची वीज मिळायची. मग समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली. त्याआधी आत्याकडे गेलो की दहाच्या सुमाराला पंखा थांबायचा आणि ती पोरांना वारा घालत बसायची. तिने तसंच बसायचं, म्हणजे आपल्या फोटोत बेट जुनं दिसेल? १९९४ साली जपानमधल्या नारा इथे अस्सलतेवर जो दस्तऐवज तयार झाला, त्याचा गाभाच हा आहे की वारशाची पारख तो ज्या संस्कृतीतला, तिच्या संदर्भात करावी. अंधार हे त्या पारखीचं माप नाही.

‘दुकानांतला माल नकली.’ हे बरंचसं खरं आहे. पायऱ्यांवरच्या माळा आणि दगडी हत्ती पुष्कळदा बाहेरून येतात, निळ्या प्लास्टिकखाली वाराही लागत नाही, आणि मलाही ते आवडत नाही. पण असं का होतं? पर्यटक गेटवेहून येतो, दोन-तीन तास थांबतो, शेवटच्या लाँचने परततो. रात्रीचा मुक्काम करू दिला जात नाही. त्याचा खर्च, जेवण-नाश्ता बराचसा पलीकडेच होतो; बेटाच्या वाट्याला घाईतली खरेदी येते, आणि घाईत चटकन विकलं जाईल तेच मांडलं जातं. त्याच पायऱ्यांवर मीठ-तिखट लावलेली कैरी आणि काकडी विकणाऱ्या बाया बसतात, तो माल काही नकली नाही. मुक्कामाला घराघरांत परवानगी द्या, स्तूपाच्या टेकडीवर न्यायला गावातल्या पोरांना शिकवून परवाने द्या, ताटात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी येऊ द्या, मग माळांचं काय होतं ते बघू. आणि कचऱ्याचा दोषही गावावर नको. पाण्याच्या बाटल्या लाँचमधून येतात. त्या मोजून परत न्यायची सक्ती लाँचवाल्यांवर करा, ते आजही जमेल.

राहिलं तिकीट. भारतीयांना ते ४० रुपये आहे, परदेशी पाहुण्यांना ६००. महाग केल्याने ‘फालतू गर्दी’ थांबेल म्हणे. महाशिवरात्रीला उरणच्या बाजूने होड्या भरून येणारी माणसं या हिशेबात फालतू ठरतात. पण लेणं कोरलं गेलं ते त्यांच्यासारख्यांसाठीच. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे देव आहे.

गेल्या शिवरात्रीला मी आत्यासोबत वर गेलो. लिंगाच्या गाभाऱ्याला चारही बाजूंनी दारं आहेत, दारांशी उंच द्वारपाल, बहुतेकांचे पाय मोडलेले. आत्याने बेल वाहिला, बाहेर आली, आणि एका द्वारपालाच्या मोडक्या पायाशी थांबली. पदराने तिथली धूळ पुसली, हात टेकवला, आणि मला म्हणाली, “चल रे, भरती लागायच्या आत खाली उतरू.”