सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोटात गुठळी: आपल्या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आपण लिहिलंय की आईंच्या स्लीव्ह ऑपरेशननंतर (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढतात ते) अकराव्या दिवशी पोट दुखायला लागलं, आमच्याकडे सोनोग्राफी करून ‘गॅस आहे’ म्हणून घरी पाठवलं आणि तीन दिवसांनी दुसरीकडे सीटीत पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, रक्ताची गुठळी निघाली. राग रास्त आहे. फाइलमधलं बाकी काही इथे उघड करता येत नाही, आपल्या मुद्द्यांपुरतं बोलतो.

सोनोग्राफीवर थांबलो ही आमची चूक. चरबी आणि आतड्यातला वायू यांच्याआड पोटातल्या शिरा त्यात बरेचदा धड दिसतच नाहीत. पेशंट दुखतंय म्हणतोय, पाणीही नको झालंय, पण दाबून पाहिलं तर पोट मऊ, असं ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसलं की काँट्रास्ट सीटीच हवा, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध सोडून काढलेला. तोही काँट्रास्ट सोडल्यावर साधारण ६० ते ७० सेकंदांनी. आधीच काढला तर पोर्टल व्हेन भरलेली नसते आणि गुठळी आहे की नाही ते सांगता येत नाही.

‘ऑपरेशनच चुकलं’ हे मात्र मान्य नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात १२ ते १५ मिमी पारा एवढ्या दाबाने गॅस भरतात, त्याने पोर्टल व्हेनमधला प्रवाह मंदावतो. स्लीव्हमध्ये जठर आणि प्लीहा यांच्यामधल्या छोट्या रक्तवाहिन्याही बंद कराव्या लागतात. त्यात घरी गेल्यावर पाणी कमी पडलं की रक्त दाटतं आणि गुठळी होऊ शकते. गुठळी टाळायला पायात घालतात ते मोजे आणि पंप पायातल्या शिरांसाठी असतात, पोटातल्या शिरांना त्यांचा तसा उपयोग नाही.

पाण्याचं थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांची गडबड होते. जठराची बारीक नळी उरलेली असते, दोन घोटांत पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणून ग्लास तोंडाला लावायचा नाही. दर १५ मिनिटांनी ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. जागेपणीच्या बारा-तेरा तासांत दीड लिटर होतं. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय. डिस्चार्जच्या कागदावर आमच्याकडे फक्त ‘भरपूर पाणी प्या’ एवढंच छापलेलं होतं. ते बदललंय.

आता आईंबद्दल. रक्त पातळ ठेवणारी गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नका. साधारण तीन ते सहा महिने चालते, कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. प्रोटीन सी आणि एसची (रक्त गोठणं आटोक्यात ठेवणारी प्रथिनं) तपासणी कोणी आत्ताच सुचवली तर थोडं थांबा: ताज्या गुठळीत आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी एक गोळी) चालू असताना आकडे खोटे कमी येतात. पोटदुखी एकदम वाढली, शौचातून रक्त गेलं किंवा ताप आला तर फोन करत बसू नका, थेट जवळच्या इमर्जन्सीत न्या. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो.

सोनोग्राफीचे पैसे परत करायला बिलिंगला सांगितलंय, पावती आणायची गरज नाही.